रंगनाथचा पूर्वपक्ष

“म्हणजे उद्या रंगनाथचाच लेख वाचायचा? माझा नाही?”

पद्माकरने आवाज सपाट ठेवला होता. तरी शेवटी तो चिरकलाच.

निर्मळबुवा चंदन उगाळत होते. मान वर न करता म्हणाले, “अजून ठरलं नाही. तुझं काय म्हणणं?”

म्हणणं पुष्कळ होतं. डोंगरावरच्या वाडीला देवराईतून रस्ता हवा होता, आजारी माणूस खाली न्यायला. खालच्या गावाला एकही झाड तुटू द्यायचं नव्हतं; गावचा झरा त्या झाडांवर जगत होता. उद्या दोन्हीकडची माणसं मठात यायची होती. दोघांनाही पटेल असा लेख लिहा, असं बुवांनी आपल्या दोघा शिष्यांना सांगितलं होतं.

मठाची रीत जुनी. आपलं मत मांडण्याआधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, लिहायची आणि त्यालाच वाचून दाखवायची. त्याने मान डोलावली तरच पुढची ओळ.

पद्माकरचा पूर्वपक्ष ऐकून वाडीचा म्हातारा कारभारी म्हणाला होता, “झकास लिवलंय, महाराज. पर ह्ये आमचं न्हाई.”

रंगनाथचा ऐकून त्याने मान डोलावली, आणि उपरण्याने डोळे टिपले.

तेव्हापासून पद्माकर धुमसत होता. त्याचे केस या मठात पिकले. रंगनाथ कालचा आलेला.

“गोडबोल्या आहे तो, बुवा! मी शब्द न् शब्द तोलून लिहायचं, आणि याने लोकांना रडवून मोकळं व्हायचं.”

“असेल,” बुवा म्हणाले. “मग आज त्याचाच पूर्वपक्ष लिही.”

“कुणाचा?”

“रंगनाथचा. त्याला काय हवंय, ते. लिहून झालं की वाचून दाखव त्याला.”

पद्माकर कोपऱ्यात बसला. त्याची लेखणी एरवी अडखळत चालायची. आज ती थांबेना.

रंगनाथ आला, भाजी चिरणं अर्धवट सोडून, हात धोतराला पुसत. पद्माकरने घसा साफ केला.

“‘रंगनाथला गाव नको, वाडी नको. त्याला बुवांच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकायचंय. बुवा दुसऱ्या कुणाकडे बघून हसले, की त्याला जेवण गोड लागत नाही. त्या दुसऱ्याचा लेख फसावा, असं तो मनातल्या मनात म्हणत असतो.’”

बुवांचा सहाणेवरचा हात थांबला…

आता हा तडकणार, म्हणून पद्माकर वाट पाहत राहिला.

रंगनाथचे कान लाल झाले. मग त्याने मान डोलावली.

“बरोबर आहे, दादा. एकच राहिलं. पूजेला तुम्ही बुवांच्या शेजारी बसता ना… तेव्हा मी घंटा मुद्दाम जोरात बडवतो. तुमचे मंत्र बुवांना ऐकू जाऊ नयेत म्हणून.”

बुवांच्या मिशीखाली काहीतरी हललं. पद्माकरला मात्र हसू आलं नाही.

“पूर्वपक्ष मान्य झाला,” बुवा म्हणाले. “आता तुझी बाजू लिही.”

पद्माकरने कोरा कागद घेतला. लेखणी शाईत बुडवली.

टोकावरची शाई वाळली. पुन्हा बुडवली. पुन्हा वाळली…

शेवटी त्याने कोरा कागद बाजूला सारला. मघाचाच कागद ओढला, ‘रंगनाथ’ हे नाव खोडलं आणि त्यावर स्वतःचं लिहिलं. बाकी एका अक्षराला हात लावला नाही. कागद रंगनाथपुढे सरकवला.

रंगनाथने वाचलं. या वेळी त्याची मान लगेच हलली नाही. पण हलली.

“मग बुवा,” पद्माकरने हळूच विचारलं, “उद्या लेख कुणाचा वाचायचा?”

बुवांनी पुन्हा चंदन उगाळायला घेतलं.

“असा लिहा, की कुठली ओळ कुणाची ते मला ओळखू येऊ नये.”