बिननावाच्या दिवसांतली आई

पार तिकडे, समुद्रापलीकडे, रोम नावाचं एक गाव होतं. तिथे फ्लाविया नावाची मुलगी राहायची. शेळ्या राखायची.

तेव्हा वर्षात महिने दहाच, बरं का. मार्चला वर्ष सुरू, डिसेंबरला संपलं. सातवा तो सप्टेंबर, आठवा ऑक्टोबर, नववा नोव्हेंबर, दहावा डिसेंबर. त्यांच्या बोलीतले आकडेच ते. आणि त्यानंतरची थंडी? तिला नावच नाही. शेतात काम नाही, मग दिवस मोजतंय कोण!

नेमकी त्याच दिवसांत फ्लावियाची आई गेली.

शेजारणी आपापल्या गेलेल्या माणसाचा दिवस आला की दिवा लावायच्या. फ्लाविया विचारी, "माझ्या आईचा दिवस कुठला?" कुणालाच सांगता येईना. आणि हळूहळू काय झालं, तिला आईचा आवाजही आठवेनासा झाला. पोर घाबरली.

मग आईसाठी एखादा दिवस मागायला ती मार्चच्या देवाकडे गेली. मार्स त्याचं नाव, लढाईचा देव तो. ढाल घासत म्हणाला, "माझ्या महिन्यात रणशिंगं वाजतात, पोरी. रडायला जागा नाही."

मग गेली जूनच्या देवीकडे, जूनोकडे. तिने जवळ घेतलं, मध चाटवला. पण म्हणाली, "बाळ, माझ्या महिन्यात लग्नं असतात. नवरीसमोर आसवं कशी गं चालतील?"

मग फ्लाविया परत निघाली. गावाच्या वेशीत होता जानुस देव. त्याला दोन तोंडं! एक पुढे बघायचं, एक मागे. मागचं तोंड म्हणालं, "तू तुल्लियाची लेक ना? दुधाचा हंडा घेऊन जायची इथून. जरा लंगडायची, आणि गुणगुणायची." मग त्याने ते गाणं म्हणून दाखवलं. अगदी तोच सूर! फ्लाविया तिथेच उंबऱ्यावर बसली, ऐकत राहिली.

मग पुढचं तोंड म्हणालं, "ऊठ. राजाकडे जाऊ."

राजा म्हातारा होता. सगळं ऐकून त्याने फ्लावियाला जवळ बसवलं. म्हणाला, "माझीही आई थंडीतच गेली गं."

मग त्याने दवंडी पिटवली. बिननावाच्या दिवसांचे दोन महिने झाले. एक जानुसचा, तो जानेवारी. दुसरा फेब्रुवारी, घरदार धुऊन-पुसून, गेलेल्या माणसांना आठवायचा. दोघांना बसवलं वर्षाच्या सुरुवातीला. मग बाकीचे सरकले पुढे. सातवा जाऊन बसला नवव्या जागी, नाव मात्र तेच!

फेब्रुवारी आला. फ्लावियाने दिवा लावला, वाटीत दूध ठेवलं आणि आईचं गाणं मोठ्याने म्हटलं. शेजारीण धावत दारात आली. "अगं बाई! मला वाटलं तुल्लियाच गातेय!"

फ्लाविया हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

पुढे तिला लेकी झाल्या, त्याही तसंच गायच्या. सगळी सुखात राहिली. चला, पांघरुणं घ्या आता. मलाही माझी आई आठवली बघा. मिटा डोळे.