आवडूचं पारडं

मूर्ख मीच. विमानप्रवासात बॅगा जोखायचा आकड्याचा काटा पर्समध्ये होता, तो आडबंदरच्या मासळीबाजारात काढला आणि त्याला बांगडे लटकवले. अख्खा बाजार गप्प झाला. कुणी माझं वजन विचारलं की मी होते, तसा.

देवळाचे मानकरी सगुणतात्या मला किनाऱ्यावर घेऊन गेले. ओहोटीला उघडा पडलेला एक गोल, मधे खोलगट खडक दाखवून म्हणाले, "ह्यां आवडूचां पारडां." आवाज असा तापलेला, जणू सगळं आज सकाळीच घडलं होतं.

फार पूर्वी इथे वलंदेजांची, म्हणजे डच लोकांची, मिरीची वखार होती म्हणे. आवडूने नवऱ्यामागे त्याचे वेल जगवले आणि पहिलं पीक घरी पायलीने मापून, गोणीत भरून वखारीत आणलं. लेकरांचं वर्षभराचं पोट त्या गोणीत होतं. वखारीच्या तागडीत ती अर्धीच भरली.

आवडू भांडायला लागली, तर दुभाषी म्हणाला, "तागडी बोलली. आता तू गप." वर वखारीच्या साहेबाकडून ऐकलेली विद्याही पाजळली. ह्याला वलंदेज 'बालान्स' म्हणतात. शब्द त्यांचा नव्हे, फ्रेंचांकडून घेतलेला. फ्रेंचांना तो जुन्या लॅटिनमधून मिळाला. मुळात अर्थ एवढाच, दोन पारडी.

असं सांगतात, की हे ऐकून आवडू पेटलीच. "दोन पारडी? मग दोनय तुमचीच कशी? शब्द उसनो, मिरी लुटलेली! माझी गोण त्या पारड्यात घाल, नि तुझी वजनां ह्यात!"

साहेब हलेना. पारड्यांची अदलाबदल झाली असती तर लबाडी उघडी पडली असती.

"तागडी बोलता, नि मी काय मुकी?" असं ओरडून तिने एक पारडं उपटलं, कमरेइतक्या पाण्यात जाऊन भिरकावलं आणि शपथ घातली, की दर्या ते परत देईपर्यंत ह्या बंदरात कुणी काही जोखायचं नाही. पुढच्या ओहोटीला तिथे हा खडक दिसला म्हणे. तिची गोण गावाने पायलीने मापून घेतली. वखारीत मात्र पुन्हा कुणी मिरीचा दाणा नेला नाही.

आजही आडबंदरात तागडी नाही. मासळी वाट्याने, मिरी पायलीने. आजही वखारीच्या पडक्या भिंतीजवळून जाताना तात्या थुंकतात. त्या दिवशीही थुंकले.

मी काटा पर्समध्ये कोंबून बाजारात परतले आणि बांगडेवालीला हळूच विचारलं, "मावशी, वाटा कमी वाटला तर काय करायचं?"

तिने मान वर केली नाही. "तोंड आसा मां तुका?"