विरोधात कोण?

एका नदीच्या काठी वेळूघाट नावाचे एक लहानसे राज्य होते. तिथे धाकोजी नावाचा तांडेल राहत असे. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. बोलायला कमी, वागायला सरळ, म्हणून वेळूघाटाने त्याला आपल्या वतीने महासभेवर धाडले होते.

ही महासभा कसली, ते आधी सांगितले पाहिजे. ती नदी सात राज्यांतून वाहत समुद्राला मिळे. दर वर्षी सातही राज्यांच्या होड्यांची शर्यत लागे. शर्यतीचे नियम करायला, भांडणे मिटवायला आणि कुणी चुकला तर त्याला जाब विचारायला सातांनी मिळून महासभा स्थापली होती. राज्य मोठे असो की चार घरांचे, प्रत्येकाला मत एकच. अध्यक्षालाही एकच. जुन्या माणसांनी हे शहाणपणाने ठरवले होते. पुढच्यांनी त्या शहाणपणाची माती केली.

अध्यक्ष होते सागरकोटचे मानाजीराव. सागरकोट म्हणजे नदीच्या मुखावरचे बंदर, सातांत सगळ्यात श्रीमंत. सभा भरायची त्यांच्या मंडपात आणि पंगत उठायची त्यांच्याच अंगणात. मानाजीरावांनी एक पद्धत पाडली होती. ठराव वाचायचा आणि विचारायचे, "विरोधात कोण?" कुणाचा हात वर आला नाही, की ठराव एकमताने मंजूर. "बाजूने कोण?" असे ते कधी विचारत नसत. ही पद्धत सगळ्यांना सोयीची होती. हात मांडीवर राहत होता आणि जेवणाची वेळ टळत नव्हती.

नदीच्या उगमाकडे डोंगरमाळ नावाचे राज्य होते. सातांत सगळ्यात गरीब. त्यांची होडी एकाच झाडाचे खोड कोरून केलेली असे. ती दर वर्षी शेवटी यायची. काठावरचे लोक हसायचे, ओंडका वाहत आला म्हणायचे. मग डोंगरमाळच्या पोरांनी जिद्द धरली. खोड आतून आणखी कोरून हलके केले, वर्षभर वल्ही मारली, आणि एका वर्षी ती होडी पहिली आली. पुढच्या वर्षीही आली. सागरकोटची रंगवलेली होडी दोन्ही वेळा मागे पडली.

त्यानंतरच्या महासभेत मानाजीरावांनी ठराव आणला. होडी म्हणजे फळ्या जोडून केलेली, कोरलेले खोड ही होडी नव्हे. डोंगरमाळने होडी नसताना शर्यत खेळून महासभेला फसवले आहे, सबब त्यांचे सदस्यत्व रद्द करावे. म्हणजे बघा, जोवर ती शेवटी येत होती, तोवर ती होडी होती. पहिली आली आणि लाकूड ठरली.

डोंगरमाळचा प्रतिनिधी सटवाजी बोलायला उठला. तो धाकोजीचा व्याही. धाकोजीची लेक मंजुळा त्याच्या घरी दिलेली होती. पण सटवाजीला बोलू दिले नाही. ज्याच्याविषयी ठराव आहे त्याने बोलायचे नसते, असे मानाजीरावांनी सांगितले. असा नियम कुठेच नव्हता. तो त्याच क्षणी झाला.

"विरोधात कोण?" मानाजीरावांनी विचारले.

धाकोजीने हात मांडीवरच ठेवला. त्या दिवशी सकाळीच मानाजीरावांनी त्याला बाजूला घेऊन सांगितले होते, की पुढल्या वर्षीची शर्यत वेळूघाटावर भरवायचे मनात आहे. वेळूघाटाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याची वाट बघत होते. बाकीच्या राज्यांच्या होड्या आपल्या घाटाला लागतील, जत्रा भरेल, पोरेबाळे नाचतील. धाकोजीने मनाशी म्हटले, आपण ठरावाच्या बाजूने थोडेच आहोत. फक्त गप्प आहोत. आणि तेही गावासाठी.

इतरांचेही तसेच होते. कुणाला शर्यतीत पंच म्हणून मिरवायचे होते, कुणाच्या मेहुण्याला बंदरात जागा हवी होती. मोठे मोठे मिशीवाले, पण सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली.

ठराव एकमताने मंजूर झाला. रिवाजाप्रमाणे जेवण झाल्यावर त्यावर शिक्का बसायचा होता.

पंगत बसली. वाढपी पाने मांडून गेले. सटवाजी आपल्या नेहमीच्या जागी बसला. त्याच्या पानावर मीठ वाढले, भात वाढला. तेवढ्यात मानाजीरावांचा कारभारी आला आणि त्याने ते पान समोरून उचलले.

"ही पंगत सदस्यांची आहे," तो म्हणाला.

वाढलेले पान माणसापुढून उचलणे. वैऱ्याच्या दारातसुद्धा कुणी असे करत नाही. पण पंगतीत कुणाची मान वर झाली नाही. सगळे भात कालवत राहिले. त्या भाताला चव कशी लागली असेल, ते त्यांचे त्यांना ठाऊक.

सटवाजी उठला. तो कुणावर ओरडला नाही. पंगतीच्या कडेने चालत आला आणि धाकोजीच्या समोर उभा राहिला.

"व्याही, एवढंच सांगा. घरी सूनबाई विचारील, माझ्या बापानं काय केलं. मी काय सांगू?"

धाकोजीचा घास हातातच राहिला. "मी हात वर केला नाही, सटवाजी."

"तिथं कुणीच हात वर केला नाही," सटवाजी म्हणाला. "मग मला काढलं कुणी?"

धाकोजीने पंगतीवरून नजर फिरवली. सगळे सभ्य, घरंदाज लोक. एकानेही सटवाजीला काढले नव्हते, आणि सटवाजी उपाशी उभा होता. त्याला स्वतःचीच चीड आली. त्याने हातातला घास पानावर ठेवला आणि तो अर्ध्या पानावरून उठला.

"अध्यक्षसाहेब, ठराव पुन्हा मताला टाका."

मानाजीराव हसले. ठराव मंजूर झाला आहे, आता जेवून घ्यावे, भात निवतो आहे, असे त्यांनी सांगितले.

"शिक्का जेवणानंतर बसतो," धाकोजी म्हणाला. "जेवण अजून चाललंय."

आपल्याकडे अशी पद्धत नाही, असे मानाजीराव म्हणाले. पद्धत नसेल, पण नियम काय सांगतो ते बोला, असे धाकोजीने सुनावले. महासभा अध्यक्षाहून थोर, आणि शिक्का बसेपर्यंत कुणाही सदस्याला ठराव पुन्हा मताला टाकायला लावता येतो, हे पहिल्याच बैठकीत ठरलेले होते आणि ते सगळ्यांना पाठ होते.

मानाजीरावांनी आवाज खाली आणला. "धाकोजी, वेळूघाटाचा विचार करा."

"तोच करतोय. तिथल्या लोकांनी मला त्यांचं तोंड म्हणून पाठवलंय. मी ते मिटून बसलो होतो." मग तो पंगतीकडे वळला. "विरोधात कोण ते नको. बाजूने कोण ते विचारा. ज्याला हा माणूस नको असेल, त्याने याच्या तोंडाकडे बघावं आणि हात वर करावा."

सटवाजी तिथेच उभा होता. त्याच्याकडे न बघणे आता कुणाला जमण्यासारखे नव्हते.

मानाजीरावांनी हात वर केला. त्यांच्या शेजारी बसलेल्या हिरवेकोटच्या प्रतिनिधीने त्यांच्याकडे पाहिले आणि आपला हात उचलला. हात कानापर्यंत गेला. तिथे सटवाजीची आणि त्याची नजरानजर झाली. हात कान खाजवू लागला, आणि खाजवून खाली आला. बाकीच्यांचे हात पानावरच राहिले. एका तासापूर्वी जो ठराव सगळ्यांनी मिळून मंजूर केला होता, त्याच्या बाजूने अख्ख्या महासभेत एक हात निघाला.

ठराव पडला. डोंगरमाळ सदस्य राहिले. कारभाऱ्याने स्वतः नवे पान आणून मांडले. सटवाजी त्या पानावर बसला नाही.

पुढल्या वर्षीची शर्यत अर्थातच दुसऱ्या घाटाला गेली. धाकोजीला ते तिथेच, हात धुता धुता सांगण्यात आले. घरी गेल्यावर लोक काय काय बोलतील, याचा त्याला अंदाज होता. ते ऐकून घ्यायचे त्याने ठरवले.

तो घाटावर आला तेव्हा सटवाजी आपल्या होडीजवळ बसला होता. धाकोजीला बघून तो उठला आणि त्याने हात जोडले.

"हात जोडू नका, व्याही," धाकोजी म्हणाला. "सकाळी तुम्हाला काढणाऱ्यांत मी होतो."

सटवाजीने ते खोटे म्हटले नाही. त्याने होडीतून शिदोरी काढली, भाकरी मोडली आणि अर्धी धाकोजीच्या हातावर ठेवली. दोघेही उपाशी होते. ते पाण्याकडे तोंड करून जेवले.

तात्पर्य: अन्याय होत असताना जो गप्प बसतो, त्याचे मत अन्यायाच्याच बाजूने मोजले जाते. आपण हात वर केला नाही, एवढ्याने आपले हात स्वच्छ राहत नाहीत.