मागची भिंत

फार पूर्वी, डोंगरावर ठकूबाईच्या खोपटात एक चूल राहत होती. दिवाळीला ठकूबाईने पाहुण्यांना दिसणारी पुढची भिंत शेणामातीने लिंपली आणि मागची कोण बघतंय म्हणून तशीच सोडली. थंडी पडली. चूल दिवसभर धडधडायची, तरी पोरं कुडकुडायची.

"अजून लाकडं घाला!" चूल ओरडायची.

"बाई, आधी माझ्या भेगा बुजवा," मागची भिंत म्हणाली.

"तू गप बस गं! ऊब मी देते," चूल फणकारली.

सरपण संपत आलं, तेव्हा कुठे ठकूबाईने मागची भिंत लिंपली. त्या संध्याकाळी चूल लवकर विझली, तरी पोरं उघड्या अंगाने खेळत राहिली.

"मी विझले, तरी कुणाला कळलंसुद्धा नाही!" चूल हिरमुसली.

"कसं कळेल, अक्का?" भिंत म्हणाली. "तुझी ऊब अजून घरातच आहे."