खिंडीतली विव्हळणारी पिकअप

खिंडीतल्या धुक्यात उभ्या पिकअपच्या पोटातून बाई विव्हळावी तसा आवाज येत होता.

मालक तात्या शेलार ड्रायव्हरला म्हणाले, "हडळ बसलीय, हणमंता! तुझाच पायगुण. उद्यापासून घरी बस."

तात्यांची पुतणी शर्वरी गाडीत चढली. इंजिन चालूच होतं. तिने क्लच दाबताच विव्हळणं थांबलं. सोडताच पुन्हा सुरू झालं. तात्या आणि हणमंता मागे सरकले.

"काका, ही हडळ माझ्या डाव्या पायाचं ऐकते. क्लच दाबला की गिअरबॉक्स फिरायचा थांबतो, म्हणून तीही गप्प. वाकून बघा, खालून दगड लागून गिअरबॉक्स तडकलाय, तेल गळलंय, म्हणून आतले कोरडे गिअर विव्हळतायत. काल पूजेसाठी म्हसोबाच्या चौथऱ्यावर गाडी कोणी चढवली?"

"मीच," तात्या पुटपुटले.

"मग आता घरी कोणाला बसवायचं?"