दुःखाला पाच स्टार

"कधीपासून बोलत नाही?"

"दहा दिवस झाले, बाबा. हसत नाही, रडत नाही. परवा दारात बोट चेंगरलं, तरी नुसती बोटाकडं बघत राहिली."

कादरबाबा दर्ग्याशेजारच्या तकियाच्या, फकिरांच्या मुक्कामाच्या जागेच्या, ओट्यावर बसले होते. समोर माझी दूर्वा, पावणेपाच वर्षांची. भेदरलेली लेकरं आमच्याकडं त्यांच्यापाशीच आणतात, कुणाच्याही घरची असोत. बाबा डोक्यावरून मोरपिसं फिरवून झाडा देतात, भीती उतरवतात. पण त्यांचा एक नियम आहे. लेकरू कशाला भ्यालं, ते आणणाऱ्यानं आधी सांगायचं. मोठ्यानं. लेकराच्या देखत.

"आणखी काय करती?"

"माझ्या चपला लपवते. काल पिठाच्या डब्यात सापडल्या."

बाबांनी मोरपिसं उचलली.

"सांग मग. कशाला भ्याली?"

"कुत्र्याला."

पिसं वरच राहिली.

"कसलं कुत्रं?"

मला पटकन काही सुचेना... दूर्वानं माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"काळं होतं," ती म्हणाली.

दहा दिवसांतले तिचे पहिले शब्द. मला आनंद व्हायला पाहिजे होता. अंगावर काटा आला.

"अंगावर आलं होतं का गं?" बाबांनी तिला विचारलं.

तिनं पुन्हा माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. मग तिनं हलवली.

बाबांचा हात खाली आला, पण पिसं तिच्या डोक्याला लागली नाहीत. त्यांनी ती मांडीवर ठेवली.

"घाई आहे का तुला, माय?"

"उद्या व्हिडिओ पाठवायचाय." मी सांगून टाकलं. "बालवाडीच्या ताई फोनवर भावना शिकवतात. आधी त्यांचा व्हिडिओ येतो, गोल गोल चेहऱ्यांचा. हा रागावला, हा भ्याला, हा रुसला. लेकरांनी ओळखायचं. मग आपण आपल्या लेकराच्या तशा चेहऱ्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा, ताई स्टार देतात. या वेळी आनंद आहे. आणि ही हसतच नाही."

"चांगलं आहे की, शिकवतात ते."

"चांगलंच आहे! आमच्या वेळी कुणी विचारलं का, तुला काय वाटतं म्हणून? मला सातवीतून काढलं, तेव्हा तोंडातून एक शब्द निघाला नाही माझ्या. बोलायचं कसं तेच ठाऊक नव्हतं. हिला तरी यावं..." माझा आवाज चढला. "आणि येत होतं हो हिला! दुःखाला पाच स्टार मिळाले. अख्ख्या ग्रुपमध्ये हिला एकटीला. बाकीची पोरं नुसता ओठ काढून बसलेली, हसू दाबत. हिचं अगदी खरं आलं होतं. दाखवू?"

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऐकव."

मी फोन काढला होता, तो तसाच हातात राहिला.

"ऐकण्यासारखं काही नाही त्यात, बाबा."

"ऐकव."

बावीस सेकंदांचा व्हिडिओ. आधी दूर्वाचं रडणं. आई नको. आई, नको ना... मग माझा आवाज, फोनच्या अगदी जवळून. "इकडं बघ. फोनकडं बघ. तोंडावरचा हात काढ."

आणि शेवटी, "हां. आलं, आलं. छान."

हा व्हिडिओ मी कितीदा तरी पाहिला होता. नुसता पाहिला होता, ऐकला नव्हता.

दूर्वानं दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

"यात कुत्रं कुठं आहे?" बाबांनी विचारलं.

"लहान आहे ती, बाबा. विसरलीसुद्धा असेल."

"मग सांगायला काय जातंय तुझं?"

"तुम्ही आधी झाडा द्या. मी तुमच्या कानात सांगते."

"माझा कान भ्यालाय का?"

मला हसू आलं नाही. त्यांनाही नाही. ओट्याखाली एक बाई लेकराला घेऊन येऊन बसली होती. बाबांनी तिला हातानंच थांब म्हटलं.

मी दूर्वाकडं न बघता बोलायला लागले.

"कुत्रं नव्हतं. हिला रडूच येईना. चारदा व्हिडिओ काढला, चारदा फिदीफिदी हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत पाठवायचं होतं... मग मी पिशवी भरली. चपला घातल्या. म्हणाले, आईला तू नको आहेस. आई चालली. आता परत कधी येणार नाही. दारापर्यंत गेले. ही मागं पळत आली. मी वळले, आणि फोन चालू केला."

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं.

"सांगितलं ना मी? तिच्या देखत सांगितलं. आता द्या झाडा."

बाबा हलले नाहीत.

दूर्वानं कानावरचे हात काढले. उठली. माझ्याकडं आली, पण जवळ नाही, हातभर अंतर ठेवून उभी राहिली.

"आई, मग तू कुठं चालली होतीस?"

तिची हनुवटी थरथरत होती. डोळे माझ्यावरून ढळत नव्हते. मी तोंड उघडलं... काय बोललं म्हणजे बरोबर होईल, कळेना. एक शब्द चुकला तर ही पुन्हा मिटेल, एवढंच कळत होतं.

"बाबा," मी म्हणाले, "हिला काय सांगू?"

"मला कशाला विचारतेस? तिनं विचारलं कुणाला?"