पिठावर उमटलेली पावले

एकदा एक विणकर दिवेलागणीला नदीकाठच्या मठात आला. मठात एक वृद्ध सत्पुरुष आपल्या शिष्यासह राहत. शिष्याने घोंगडी पसरली, पण विणकर बसला नाही.

"बसवत नाही, बाबा," तो म्हणाला. "अंधार पडला की पायांत शिरते ती."

"कोण शिरते?"

"आमची ही. चैत्रात गेली. म्हणजे, गेली असं लोक म्हणतात."

मग उभ्याउभ्याच, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत त्याने सगळे सांगितले. दिवसभर मागावर असे तोवर पाय त्याच्या ताब्यात असत. रात्री पाठ टेकली की पोटऱ्यांच्या आत, अगदी हाडाजवळ, मुंग्यांची रांग चालू लागे. दुखत नसे, पण पाय हलवल्यावाचून राहवत नसे. उठून चालले की मुंग्या थांबत आणि पडले की पुन्हा निघत.

"म्हणजे ती मला उठवते," विणकर म्हणाला. "चहासाठी. चहा तिचा जीव की प्राण."

त्याच्या आळीत एक रीत होती. माणूस गेल्यावर दहाव्या रात्री घरात पिठाचा थर पसरत. सकाळी त्यावर पाखराचे किंवा जनावराचे पाऊल दिसले, की जीव पुढे गेला असे समजत. विणकराच्या बायकोच्या वेळी पीठ कोरेच राहिले. ती घरातच आहे, असे आळीने ठरवून टाकले. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी कडक कोरा चहा करी. एक कप स्वतः घेई आणि एक तिच्यासाठी कोनाड्यात ठेवी.

"मध्यरात्री बघावं तर कप रिकामा," तो हळू आवाजात म्हणाला. "मी पुन्हा भरतो. पहाटे पुन्हा रिकामा. तिची तहानच भागत नाही, बाबा."

शिष्याने नकळत दाराकडे पाहिले.

"माझ्याकडे काय मागतोस?" वृद्धांनी विचारले.

"मुलगी पहिल्या बाळंतपणाला यायची आहे. परवा जावई तिला घेऊन निघेल. अशा घरात पोटुशी पोर कशी आणू? येऊ नको असा निरोप धाडू का, तेवढं सांगा. आई तर गेलीच, आता माहेरही गेलं असं होईल तिला."

वृद्धांनी त्याचा फिकट चेहरा निरखला. मग म्हणाले, "जेवतोस काय?"

"भाकरी. चहात बुडवून. भाजी ती असताना व्हायची."

वृद्धांनी समई जवळ घेतली आणि त्याच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढून पाहिली. आतली कड धुतलेल्या सुतासारखी पांढरी होती.

"निरोप आज धाडू नकोस," ते म्हणाले. "आज पुन्हा पीठ पसरू. साऱ्या घरात."

त्या रात्री विणकराच्या घरी वृद्धांनी स्वतःच्या हाताने अंथरुणापासून कोनाड्यापर्यंत साऱ्या जमिनीवर ज्वारीचे पीठ पसरले. कप भरून ठेवला. विणकराला झोपायला सांगून दाराला बाहेरून कडी घातली आणि शिष्यासह ओट्यावर बसले.

आत बराच वेळ शांतता होती. मग पावले वाजू लागली. ती जात, थांबत, परत येत. एकदा ती मागाजवळ गेली आणि मागाचे लाकूड करकरले. शेवटी कोनाड्याच्या बाजूला थांबली. दगडावर कप टेकल्याचा बारीक आवाज आला. त्यानंतर कुणीतरी दीर्घ उसासा सोडला. तो बाईचा की पुरुषाचा, हे शिष्याला सांगता आले नसते. त्याने गुरूंकडे पाहिले. त्यांच्या हातातली माळ थांबली होती.

उजाडल्यावर त्यांनी कडी काढली. विणकर उंबऱ्याशीच उभा होता. कप रिकामा होता.

"आली होती," तो म्हणाला.

"तुझी पावलं वगळून दुसरी दाखव."

विणकर वाकून शोधू लागला. वर्षानुवर्षे मागाची फळी दाबून त्याच्या उजव्या पायाचा अंगठा बाहेर वळला होता. पिठावरच्या प्रत्येक उजव्या पावलाचा अंगठा तसाच वळलेला होता. कोनाड्याखाली दोन पावले जुळवून कुणीतरी बराच वेळ उभे होते. त्यातल्या उजव्या ठशावर त्याने आपला पाय ठेवला. तो नेमका बसला.

"मी प्यायलो?" तो म्हणाला. "मग मला आठवत कसं नाही?"

"तिचा कप ती पुरता प्यायची?"

"नाही. अर्धा ठेवायची. म्हणायची, घ्या, संपवा. मग उरलेला मी..." त्याने कोनाड्यातला रिकामा कप उचलला.

"झोप न झालेला माणूस अर्धवट शुद्धीत चालतो," वृद्ध म्हणाले. "हात जुन्या सवयीनं काम करून जातात आणि मनाला सांगत नाहीत. संध्याकाळचा कडक चहा कुणाकुणाचे पाय जागे ठेवतो. त्यात जेवणाबरोबर चहा घेतलास, की अन्नातलं लोह अंगी लागत नाही. रक्त फिकं पडलं की पाय आणखी अस्वस्थ होतात. पाय चाळवले की तू उठलास, उठलास की कप संपवलास, आणि रिकामा दिसला म्हणून पुन्हा भरलास. ज्या पायांना शांत करायचं, त्यांनाच रात्रभर जागवत राहिलास."

"मग तिचा कप बंद करू?"

"कप ठेव. पण सकाळी ठेव, आणि जेवणापासून दूर. पालेभाजी कर, वर लिंबू पिळ. झोपण्याआधी काठापर्यंत चालून ये, पाय कोमट पाण्यात ठेव, पोटऱ्या चोळ. आणि वैद्याला रक्त दाखव. लोह किती कमी आहे ते त्याला कळेल, माझ्या बोटाला नाही. तरीही एखाद्या रात्री पाय चाळवले, तर त्या दिवशी काय खाल्लं-प्यायलं ते आठव. एकाला चहा भोवतो, दुसऱ्याला दारू, तिसऱ्याला आणखी काही."

ठरल्याप्रमाणे मुलगी आली. विणकराचे पाय लगेच शांत झाले नाहीत. काही रात्री तो अजून उठे. पण बारशाच्या संध्याकाळी शिष्य गुरूंसह त्याच्या घरी गेला, तेव्हा दिवे लागले होते आणि विणकर नातीला घेऊन मांडी घालून बसला होता. कोनाड्यात सकाळचा कप पालथा घातलेला होता.

परतताना शिष्याने विचारले, "चहाचं तुम्ही त्याच संध्याकाळी ओळखलं होतं ना? मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर बायकोला तहानलेली ठेव एवढंच त्याला ऐकू आलं असतं. आणि मी ओळखलं नव्हतं. नुसता संशय होता."

"पण तुम्ही तर निर्धास्त बसला होतात."

वृद्धांनी हसून मान हलवली.

"कप वाजला तेव्हा माझाही श्वास अडकला होता," ते म्हणाले. "आत कोण आहे, हे मलाही ठाऊक नव्हतं. म्हणून तर पीठ पसरलं."

काठाच्या ओल्या मातीवर आपली पावले उमटत होती, ती शिष्य पाहत राहिला.

रात्री आपल्याला कोण उठवते, याचे भय धरण्याआधी सकाळच्या उजेडात एकदा पावले पाहावीत.